विहंगचा उजवा पाय

दुधाची पिशवी घ्यायला अवंती फाटकाशी गेली आणि समोरच्या रुचीभाभींनी तिला रस्त्यातच मिठी मारली. "बधाई हो भाभी. भिया चलने लगे और आपने बताया तक नहीं. वो तो माईजी कल दे गईं तब पता चला." पिशवी दोघींच्या मध्ये दाबली गेली, थंड, ओली. मिठीतून सुटताना अवंतीनं पाहिलं, भाभींच्या ओट्यावर वाटीत एक पाऊल होतं. गव्हाच्या पिठाचं, गुळातलं, तळून तांबूस झालेलं, तान्ह्या मुलाच्या पायाएवढं. बोटं नखानं दाबून काढलेली. "शाम को हम सब आते हैं देखने," भाभी म्हणाल्या. "चाय-वाय कुछ मत रखना." नाही म्हणायला अवंतीनं तोंड उघडलं आणि त्यातून हो बाहेर आलं. मग ती आत न जाता फाटकाशीच उभी राहिली. पिशवीतून पाणी तिच्या पायावर टपकत होतं. तिला गार लागत होतं, पाय मागे घ्यावासा वाटत होता आणि ती घेत नव्हती, कारण घ्यायचा की नाही हे तिच्या हातात होतं.

तिच्या नवऱ्याच्या, विहंगच्या घरची ती रीत. धारचं जुनं घराणं, आजे-पणजे संस्थानच्या दप्तरात बसलेले. पोर पहिलं पाऊल टाकतं त्या दिवशी अशी पावलं तळून आळीत वाटायची. अवंतीच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिचे बाबा विदर्भातून कारखान्यात नोकरीला म्हणून देवासला आले, कंपनीच्या क्वार्टरात राहिले, तिथं पोर चाललं तर चाललं. लग्नात विहंगची आई, माई, म्हणाल्या होत्या, तुमच्या बाळाच्या वेळी मी येईन पावलं करायला. बाळ झालं नाही. पावलं झाली. काल अवंती कामाला इंदूरला गेलेली असताना धारहून येऊन राहिलेल्या माईंनी एकटीनं कढई चढवली आणि तिशी ओलांडलेल्या मुलाची पहिली पावलं गल्लीभर वाटून आल्या. आणि गल्लीनं ती खाल्ली. गल्लीला काय, बरा झालेला माणूस हवाच असतो. फोनवर फिरवायला, हात जोडायला, बघा म्हणायला. पलंगावर पडलेला, लघवीची पिशवी लावलेला, रोज जगणारा माणूस त्यांना नको असतो, त्याच्याकडे बघायला कुठल्या बाजूनं मान वळवायची ते त्यांना कळत नाही. अपघातानंतर पहिल्या महिन्यात हीच गल्ली रांगेनं आली होती आणि नंतर हीच गल्ली त्यांच्या फाटकासमोरून जाताना मोबाईल काढून बघायला शिकली होती. अवंतीला राग आला. राग कोणावर हे ठरवायच्या आत ती पिशवी घेऊन घरात शिरली.

आत माई पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून विहंगच्या उजव्या तळव्याला तेल लावत होत्या आणि त्या पायाशी बोलत होत्या. रोजच बोलायच्या. "हं, ऊठ बघू. आळस पुरे झाला. काल कसा उठला होतास." अंगठा तळव्यावरून खालून वर फिरला आणि पाय उठला. गुडघा वाकला, टाच चादरीवरून घासत वर आली, आणि मग घोटा थरथरायला लागला, एका लयीत, थांबता थांबेना. "बघत्येस ना अवंती?" माई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्याच्याकडे बघणं चोरी वाटावं. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला विहंग लॅपटॉप पोटावर ठेवून गिअरच्या एका दात्याचं ड्रॉइंग करत होता. पाय उठला तेव्हा लॅपटॉप कलला. त्यानं तो एका हातानं सावरला आणि पडद्यावरून नजर काढली नाही. त्याला कळलंच नव्हतं. छातीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं, माईंचा अंगठा नाही, तेल नाही, स्वतःचा गुडघा आपल्याच पोटाशी येतोय हेसुद्धा नाही.

अवंतीला कळत होतं. हेच तर इंदूरच्या प्रयोगशाळेतलं तिचं काम. लोकांना समजावणं अवघड नव्हतं, लोकांना ऐकायचं नसायचं एवढंच. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, त्यात पेशींची जाळी असतात. एक जाळं पाय आखडतं, दुसरं ताणतं. एक बोलत असतं तेव्हा दुसऱ्याचं तोंड दाबून धरतं. बोलून बोलून ते दमतं, पकड सुटते, मग दुसरं बोलायला लागतं आणि पहिल्याचं तोंड दाबतं. एवढ्या भांडणावर माणसाची चाल उभी असते. डोकं वरून फक्त सांगतं, चल, थांब, वळ. अवंती हे भांडण समीकरणांत लिहायची आणि कॉम्प्युटरमध्ये एक पाय चालवायची, काड्यांचा, कमरेपासून खालचा. लग्न ठरताना दोन्ही घरांनी त्यांना मांडूला फिरायला पाठवलं होतं. एका झोपडीवजा हॉटेलात दाल आणि पानांत भाजलेले मक्याचे पानिये खाताना विहंगनं विचारलं होतं, तू नेमकं करतेस काय? तिनं सांगितलं होतं ते जुने प्रयोग, रज्जू कापलेली मांजरं, त्यांना फिरत्या पट्ट्यावर धरलं की मागचे पाय चालायला लागतात, वरून कसलाही निरोप नसताना. तो पानिया मोडता मोडता थांबला होता. "म्हणजे मांजराला माहीत नसतं की ते चालून राहिलंय?" नाही. "यार, हे तर फार वाईट आहे," तो म्हणाला होता. "कोणी सांगायला पाहिजे ना त्याला." तेव्हाच तिनं मनातल्या मनात हो म्हटलं होतं. लग्नानंतर त्याच रस्त्यावर, मांडूहून धारकडे उतरताना, एका वळणावर कोणीतरी घर बांधायला आणलेली खडी पसरली होती. विहंग तिच्यावर घसरला. मोटरसायकलला फारसं काही झालं नाही. ती विकली तेव्हा घेणाऱ्यानं विचारलंसुद्धा नाही.

काही महिन्यांनी ती कामावर गेली. मांजरांचे आकडे तसेच पडले होते. तिच्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, वरून येणारी आज्ञा, आणि तिच्यापुढे एक आकडा. तिनं तो खोडून शून्य लिहिलं. एक कळ दाबायची होती, तिनं ती दाबली, आणि मग संडासात जाऊन नळ सोडून बसून राहिली. त्यानंतर तिचा कॉम्प्युटरमधला पाय मांजराचा राहिला नाही. विहंगच्या मांडीला, पोटरीला चिकटपट्ट्या लावून स्नायूंत उठणारी वीज ती नोंदवायला लागली, सुट्टीच्या दुपारी, त्याची परवानगी घेऊन. तो म्हणाला, "घे ना, पडलाच आहे तो." वरची आज्ञा गेली की खालच्या पेशी चिडखोर होतात. पूर्वी कुजबुजून कळायचं ते आता नुसत्या बोटानं पेटतं आणि पेटलं की विझत नाही. तिनं ते चिडणं समीकरणात घातलं, एकेक आकडा हलवत, महिनोन्‌महिने, आणि एका दुपारी पडद्यावरचा काड्यांचा पाय अगदी विहंगसारखा थरथरला. तो आनंद कसा सांगायचा. माणूस घर सोडून गेलाय आणि तुम्ही खोलीत त्याचा खोकला तयार केलाय. तिनं त्या दिवशी जिलबी आणली होती. विहंगनं विचारलं कशाबद्दल, आणि ती म्हणाली, असंच.

"माई," ती आता म्हणाली, "टाच बघू." माईंनी टाच उचलून धरली. परवापर्यंत ती लाल होती. आता मधोमध कातडं सुटलं होतं आणि खालचं ओलं दिसत होतं. घासून घासून. एवढी जखमही त्याला कळली नव्हती. अवंतीनं हात लावला तसा पाय पुन्हा आखडला आणि टाच तिच्या बोटांतून निसटून चादरीवर पुन्हा घासली. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात दुपारची एक गोळी वाढवली होती, यासाठीच, झटके कमी व्हावेत म्हणून. "दुपारची गोळी चालू आहे ना?" तिनं विचारलं. माईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मी नाही देत ती."

"म्हणजे?"

"दिली की पाय निजतो. पहिल्याच दिवशी पाहिलं मी. संध्याकाळपर्यंत हाक मारत्ये आणि हा आपला मेल्यासारखा. पोराचा पाय जागा होत असताना त्याला गुंगी देऊ मी? आई आहे मी त्याची, कंपाउंडर नव्हे."

अवंतीनं विहंगकडे पाहिलं. तो ड्रॉइंग करत होता. आणि मग तिला जे कळलं ते फाटकापाशी आलेल्या रागापेक्षा वाईट होतं. गेल्या सुट्ट्यांच्या नोंदी पूर्वी कधी आल्या नव्हत्या इतक्या ठसठशीत होत्या. दुपारची गोळी पोटात असताना त्या तशा येणार नाहीत, हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत होतं? तिनं विचारलं नव्हतं. नवीन पट्टी लावताना तिनं टाचेवरची लाली पाहिली होती, खाली गादीचा तुकडा ठेवला होता, आणि नोंद घेतली होती. माईंनी निदान पावलं वाटली. तिनं तर जिलबी आणून 'असंच' म्हटलं होतं.

संध्याकाळी बायका येणार होत्या. फोन करून सांगता आलं असतं, विहंगला ताप आहे, आज नको. पण मग उद्या आल्या असत्या, आणि माईंनी हाक मारून पाय उठवून दाखवला असता, आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला विहंग लॅपटॉप सावरत बसला असता. टाचेची जखम हाडापर्यंत गेली असती. अशा जखमांनी माणसं मरतात, हे तिनं वाचलं होतं. आणि तरीही सांगायचं म्हणजे माईंच्या चेहऱ्यावरचं ते काढून घ्यायचं. कोणत्या तोंडानं. ती स्वतः त्याच पायावर जगत होती.

तिनं आपला लॅपटॉप आणला आणि स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसली. "माई, चष्मा लावा." माईंनी लावला. पडद्यावर कंबर म्हणून एक ठिपका, खाली मांडी, पोटरी, पाऊल, नुसत्या रेघा. अवंतीनं एक कळ दाबली, तळव्याला बोट लागलं अशी ती कळ. रेघांचा गुडघा वाकला, टाच वर आली, घोटा थरथरायला लागला.

"अगो," माई पुढं वाकल्या. "हा तर आपला."

"हो."

"असाच करतो. आधी वर, मग हे थरथर. हा आपलाच." त्या हसल्या, ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तशा. मग त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं, कमरेच्या ठिपक्याच्या वर, काळ्या भागात. "आणि बाकीचा?"

"बाकीचा नाहीये. एवढाच आहे."

"मग ह्याला हलायला सांगतं कोण?"

"कोणी नाही, माई. सांगायला कोणी लागत नाही. मी नुसता पायच लिहिलाय, त्याला डोकं नाही, आणि तरी तो विहंगसारखाच करतो. कारण विहंगचा पायही आता तसाच आहे. तुम्ही हाक मारता म्हणून तो उठत नाही. तुमचा अंगठा लागतो म्हणून उठतो. चादर लागली तरी उठतो. मी हात लावला तरी." तिनं कळ पुन्हा दाबली. "तो चालायला लागलेला नाही. गोळी बंद ठेवली तर टाच सडेल, चालणं येणार नाही. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण मलाही तो हलायला हवा होता."

पडद्यावरचा पाय थरथरून थांबला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग पलंगाच्या वरच्या टोकाकडून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"मला मालूम होतं," विहंग म्हणाला. "दुपारची गोळी नाही मिळून राहिली ते. तेवढं तर कळतं ना यार मला, तोंड तर माझंच आहे."

"मग बोलला का नाहीस?" अवंती म्हणाली.

"काय बोलू? माईला पाय हलायला पाहिजे, तुला पाय हलायला पाहिजे. दोघी खुश. इतक्या महिन्यांत घरात कोणी खुश नव्हतं. मी म्हटलं चालू दे." त्यानं डोळे चोळले. "पण झोप नाही येत. दर वेळी पाय उडतो आणि सगळा पलंग हलतो. पाय नाही कळत, पलंग कळतो. कोणीतरी गदागदा उठवतंय असं वाटतं. थकलो मी, बस."

माई चष्मा काढून पदरानं पुसत, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "पोटात होता तेव्हा असाच लाथा मारायचा. मी हात ठेवायची आणि बोलायची. हात ठेवला की मारायचा. म्हटलं, ऐकतोय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तेव्हा तरी ऐकत होता का गो?"

अवंतीनं ते वाचलं होतं. पहिल्या लाथा, रज्जूतून आपोआप उठणाऱ्या, वरचं अजून जोडलंच गेलेलं नसताना. तिला खोटं बोलता आलं असतं. एवढं एक खोटं कोणी मोजलं नसतं.

"सुरुवातीला नाही, माई. तेव्हाही नुसता पायच होता."

माईंनी मान हलवली, हळूहळू, दोनतीनदा. "मग सवय आहे म्हणायची मला," त्या म्हणाल्या, आणि उठून गोळी आणायला गेल्या. पाण्याचं भांडं त्यांनीच धरलं, त्याच्या मानेखाली हात घालून, लहान मुलाला पाजतात तसं, आणि विहंगनं लहान मुलासारखं पाणी हनुवटीवर सांडलं.

संध्याकाळी बायका आल्या. अवंती दार उघडायला निघाली तर माईंनी तिला हातानं मागं सारलं आणि स्वतः फाटकापर्यंत गेल्या, नऊवारीचा काठ सारखा करत. त्यांची हिंदी धारच्या बाजारात भाजी घेण्यापुरती. तेवढ्याच हिंदीत त्यांनी सांगितलं. "वो चलता नहीं है. पाँव अपने आप हिलता है, उसको पता भी नहीं पड़ता. मेरे समझने में भूल हुई और आप लोगों को खिला दिया. माफी करना." रुचीभाभींच्या हातातला झेंडूचा हार तसाच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, भगवान चाहेगा तो, माईजी. "उसका अभी रहने दो," माई म्हणाल्या. "पाँव में जखम है. अंदर बैठना है तो बैठो, वो बात करता है, अच्छी बात करता है. पाँव देखना है तो घर जाओ." बऱ्याचशा घरी गेल्या. रुचीभाभी आत आल्या, स्टुलावर अवघडून बसल्या, आणि कुठं बघायचं ते थोडा वेळ न सुचून शेवटी विहंगला विचारलं, भिया, ये आप लैपटॉप पे दिनभर क्या बनाते हो. त्यानं त्यांना गिअरचा दाता दाखवला. भाभींना त्यातलं काहीही कळलं नाही आणि त्या बराच वेळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी अवंतीनं प्रयोगशाळेतल्या आपल्या सरांना फोन करून सांगितलं की पुढच्या नोंदी मिळणार नाहीत. सर म्हणाले, थोडे दिवस औषध पुढं ढकलता नाही का येणार, मॉडेल इतकं जवळ आलंय. त्यांनी ते वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी तिनं स्वतःला हेच विचारलं असतं, ह्याच शब्दांत, ह्याच सभ्य आवाजात. नाही, ती म्हणाली, आणि सरांचं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत फोन ठेवला.

माई टाच सुकायला लागेपर्यंत राहिल्या आणि मग धारला गेल्या. अवंती त्यांना बसस्टँडवर सोडून घरी आली तेव्हा दुपार होती. विहंग डोळे मिटून पडला होता. झोपला असेल म्हणून ती आवाज न करता पायथ्याशी बसली आणि सवयीनं तिचा हात त्याच्या उजव्या पायाकडे गेला. तळवा कोमट होता, तेल पिऊन मऊ झालेला. तिनं अंगठा खालून वर फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. बोटं जरा हलल्यासारखी वाटली, तेवढंच. तिला माहीत होतं असंच व्हायला हवं, हेच बरं आहे, आणि तरी तिनं हात काढला नाही. अपघातानंतर ह्या माणसाच्या कमरेखालच्या अंगात एवढा एकच भाग होता जो तिचा हात लागला की जागा व्हायचा. ती बायको होती. तिला समीकरणं येत होती म्हणून काय झालं. कितीदा तरी, पट्ट्या लावायच्या आधी, लॅपटॉप उघडायच्या आधी, तिनं नुसताच हात लावला होता, तो पाय उठावा म्हणून, आणि तो उठला की क्षणभर, क्षणभरच, डोकं बाजूला ठेवून तिनं ते स्वतःसाठी घेतलं होतं.

"नाही उठत ना?" विहंग म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते.

"नाही."

"आठवण येते त्याची?"

ती हसली आणि मग हसू टिकलं नाही. "हो."

"मला पण," तो म्हणाला. "साला, मला न विचारता तुझ्याशी सगळं चालवून होता. जळायचो मी." त्यानं हात पुढं केला. "तिथं काय बसली आहेस. इकडे ये."

ती उठून त्याच्या उशाशी आली. इतक्या महिन्यांत तिथं बसायची जागाच केलेली नव्हती, औषधांचं टेबल होतं, पंखा होता, चार्जरच्या वायरी होत्या. तिनं टेबल सरकवलं आणि गादीच्या कडेवर टेकली. विहंगनं तिचा तेलकट हात धरला, मानेपाशी नेला, खांदा सुरू होतो तिथं, आणि आपल्या तळव्यानं दाबून ठेवला. त्याच्या कातडीखाली नाडी उडत होती.

"इथं ठेव," तो म्हणाला. "इथं मला कळतं."